अण्णांच्या पायाची जखम आणि रिपोर्टवरचं 'यीस्ट': मानायचं की सोडून द्यायचं?

रानजाई | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ७१ वर्षांचे. चिपळूणजवळ गावी असतात. मधुमेह २२ वर्षांचा. आषाढात लावणी चालू असताना "दोन चोंढे तेवढे बघून येतो" म्हणत अनवाणी चिखलात उतरले. बोटांत चिखल्या तर त्यांना दरवर्षीच होतात. यंदा उजव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यातली चिखली फुटली आणि भरलीच नाही. दुखत नाही म्हणून कुणाला बोलले नाहीत. पाय बधिर आहेत म्हणून दुखत नव्हतं, हे आमच्या डोक्यात फार उशिरा शिरलं. गणपतीला गेले तेव्हा आई मागीलदारी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ह्यांचे मोजे ओले होतात गो." मोजा काढला तर बेचक्यातून तळव्याकडे उतरलेली, रुपयाच्या नाण्याएवढी जखम. कडा पांढऱ्या, भिजवलेल्या पोह्यांसारख्या. भोवती लाली, तिच्याबाहेर बारीक लाल पुटकुळ्या.

तेव्हापासून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. जखम भरत नाही आणि फार वाढतही नाही. तिसऱ्या कोर्सच्या दहाव्या दिवशी स्वॅब घेतला. रिपोर्टमध्ये: कॅन्डिडा नावाची यीस्ट वाढली, नेमकी जात लिहिलेली नाही, बॅक्टेरिया वाढले नाहीत. गावच्या डॉक्टरांनी लगेच फ्लुकोनाझोल, म्हणजे बुरशीवरची गोळी, लिहून दिलं. शहरातल्या सर्जननी रिपोर्ट एका हाताने बाजूला सारला, "ही वरवरची घाण आहे, लक्ष देऊ नका."

दोघंही अनुभवी, दोघंही चांगले. आता अण्णा म्हणतात, "तुमचं ठरलं की सांगा." जखमेत यीस्टचा खरोखर संसर्ग आहे की ते नुसतं येऊन बसलंय, हे ओळखतात कसं?

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:०५

यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं तेच का? भाबडा प्रश्न आहे, हसू नका.

बशीतली_वसाहत | सोमवार, रात्री ११:५०

@खडीसाखर, भावकीतलंच म्हणा. पावाचं ते सॅकॅरोमायसिस. जखमेत सापडते ती बहुतेक कॅन्डिडा. ती आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीच्या घड्यांत अशीही राहत असते. लहान बाळांच्या तोंडात पांढरा थर येतो तो हिचाच.

@रानजाई, मी मायक्रोबायोलॉजीत आहे, त्यामुळे जखम नव्हे, जखमेतून आलेलं पाहते. पहिला प्रश्न माझा: स्वॅब कसा घेतला? पट्टी सोडली, वरची लस कापसाच्या काडीवर टिपली आणि नळीत घातली, असं असेल तर तुमच्या सर्जनचं म्हणणं मला पटतं. बेचक्याची ओली कातडी म्हणजे कॅन्डिडाचं माहेरघर. तिथून काडी फिरवली की ती येणारच. भर म्हणजे कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस माणसांच्या हातांवर सर्रास असते, म्हणजे पट्टी करणाऱ्याच्या हातावरूनही येऊ शकते.

दुसरं, "बॅक्टेरिया वाढले नाहीत" ह्या ओळीवर फार विसंबू नका. अँटिबायोटिकच्या दहाव्या दिवशी नमुना घेतला तर बॅक्टेरिया लॅबच्या बशीत उगवायला कचरतात, जखमेत मात्र असू शकतात. यीस्टला त्या औषधाशी देणंघेणं नसतं. मग रिपोर्टवर ती एकटीच उरते आणि सगळा आळ तिच्यावर येतो.

म्हणून नमुना हवा तो तुकड्याचा. जखम सलाइनने धुवायची, मेलेली कातडी आणि वरचा थर खरवडून टाकायचा आणि मग खालच्या जिवंत मांसातून क्युरेटने किंवा छोट्या पंचने तुकडा घ्यायचा. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही स्वॅबपेक्षा तुकडा घ्या असंच सांगतात. ह्या तुकड्याचे दोन भाग करायचे. एक निर्जंतुक सलाइनमध्ये आमच्याकडे, दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे.

इथे एक हात जोडून विनंती. बाटली तुम्ही स्वतः बघा. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडतात. फॉर्मॅलिन सगळं मारतं. मग आम्ही चार आठवडे बशी सांभाळायची आणि शेवटी "काही वाढले नाही" लिहायचं. माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी असा तुकडा येतो, फोन केला की पलीकडून "अरेरे मॅडम".

आणि फॉर्मवर 'फंगल कल्चर', म्हणजे बशीत बुरशी वाढवून बघणं, वेगळं लिहून घ्या. नुसतं 'पस कल्चर' लिहिलं तर नमुना नेहमीच्या ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीवर, जातो. यीस्ट तिथेही वाढते, पण छोट्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी, घाईत स्टॅफ नावाचा बॅक्टेरिया समजून सुटून जाते.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ७:१५

सर्जन, कोल्हापूरकडचा. मॅडमनी नमुन्याचं सांगितलं, मी पायाचं सांगतो.

संसर्ग आहे की नाही हे लॅब ठरवत नाही, डोळा आणि हात ठरवतात. सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणं, आजूबाजूची कातडी गरम लागणं, पू. ह्या पाचांतली दोन असतील तर संसर्ग म्हणायचा. एकही नसेल तर रिपोर्टवर कुणाचंही नाव असो, औषध मारायचं नाही. बधिर पायात दुखण्याची खूण कामाची नाही आणि रक्त कमी असेल तर लालीही फसवते, त्यामुळे दोन्ही पायांवर हाताची उलटी बाजू ठेवून तुलना करा.

ह्यातलं कुठलंही लक्षण "मी यीस्टचं" म्हणून सांगत नाही. यीस्टचा संशय मला कधी येतो? पांढरी, ओली, सुटलेली कड. मुख्य लालीच्या बाहेर विखुरलेल्या बारीक पुटकुळ्या, ज्या तुम्ही लिहिल्यात, त्या मला महत्त्वाच्या वाटल्या. आणि गोष्टीचा क्रम: योग्य अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स, साखर बेताल, जखम जागच्या जागी. पण हा संशयच. बेचक्यात तर नायट्याच्या कुळातलं फंगस वेगळंच असतं. ते कातडीच्या वरच्या थरात राहतं, खोल मांसात सहसा उतरत नाही. एरिथ्राझ्मा नावाचा बॅक्टेरियाचा एक संसर्गही हुबेहूब चिखल्यांसारखा दिसतो, वूड्स लॅम्पखाली पोवळ्यासारखा लाल चमकतो. ती एक मिनिटाची तपासणी आहे, त्वचारोगवाल्यांकडे दिवा असतो.

आता खरं बोलायचं ते. बुरशी शोधण्याआधी नाडी शोधा. पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची लागते का? डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, झाली का? निर्जंतुक बोथट सळईने जखमेचा तळ चाचपून हाडाला टक्कर लागते का ते कुणी पाहिलं? एक्स-रे? हाडातला संसर्ग एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला साफ आला तरी निर्धास्त होऊ नका. आणि अण्णा त्या पायावर चालतायत का? रक्त नाही, हाडात कीड, वर रोज दोन किलोमीटर चालणं, आणि आपण काथ्याकूट करतोय कॅन्डिडाच्या जातीवर. हे मी फार पाहिलंय.

टपरीवरचा | मंगळवार, सकाळी ९:३०

फंगस म्हटलं की २०२१ आठवतं. ब्लॅक फंगस तर नाही ना? माझ्या काकांच्या अंगठ्याचं टोक काळं पडलंय.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ९:४१

@टपरीवरचा, पायाचं टोक काळं म्हणजे बहुतेक वेळा रक्त बंद. ब्लॅक फंगस म्युकरचं, ती यीस्ट नव्हे आणि तिची धाव मुख्यतः नाक-डोळ्यांकडे. पण काकांना आजच दाखवा. उद्या नाही. हा धागा नंतर वाचा.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी १:२०

इतकं कशाला? तुरटीच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवा, वर हळद आणि खोबरेल. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतंय.

पांढरी_चप्पल | मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, रागावू नका, मी २६ वर्षं ड्रेसिंग करते आहे. बधिर पाय कोमट पाण्यात घालू नका म्हणून मी रोज सांगते. कोमट की कढत हे त्या पायाला कळत नाही. मागच्या थंडीत एक आजोबा शेकायला बसले आणि तळव्याला फोड घेऊनच उठले. शिवाय कातडी भिजून मऊ होते, यीस्टला अजून काय पाहिजे? हळदीने सगळं पिवळं झालं की लाली किती वाढली ते आम्हाला दिसतच नाही.

रानजाई, ड्रेसिंगचं एवढं बघा. धुतल्यावर बेचकं टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. बोटांमध्ये सुकी गॉजची पातळ घडी, घट्ट नको. घडी ओली झाली की बदलायची, मग दिवसातून तीनदा का असेना. बेचक्यात क्रीम थापू नका, विशेषतः दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं ते चार औषधांचं, ज्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस छान दिसतं, लाली जाते, आणि खाली बुरशी मजेत पसरते.

वासावरून ओळखायला जाऊ नका. हिरवट डाग असला तर स्यूडोमोनस हा बॅक्टेरिया मनात येतो, कुजका वास असला तर वेगळं काही. यीस्टचा वास ओळखतो म्हणणारे मला भेटलेत, दर वेळी ते बरोबर निघाले असं नाही.

खडीसाखर | मंगळवार, दुपारी ३:३०

पांढरी_चप्पल, +१. वाचनखूण साठवली.

माहेरवाशीण | मंगळवार, रात्री ९:१२

मला जखमेतलं काही कळत नाही, पण फ्लुकोनाझोल वाचलं आणि हात थांबेना.

माझ्या सासूबाईंना मागच्या वर्षी नखुरड्यासाठी हेच दिलं होतं. त्या शुगरची ग्लिमेपिराइड घेतात. चौथ्या रात्री साडेतीनला बाथरूमजवळ भिंतीला टेकून उभ्या, नायटी घामाने चिंब, मला ओळखेनात. मी म्हटलं हार्ट अॅटॅक. यांनी ग्लुकोमीटर लावला तर ४८. साखरेचं पाणी, मग दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली आणि दोन स्ट्रिप्स शेजारी ठेवल्या, म्हणाले हे दोन एकत्र आलंय. ग्लिमेपिराइड यकृतात जिथे मोडते तो रस्ता फ्लुकोनाझोल अडवतं, त्यामुळे शुगरची गोळी अंगात साचत जाते. लिहून देणाऱ्यांनी बाकीच्या गोळ्या विचारल्याच नव्हत्या. आम्हीही सांगितल्या नव्हत्या, ते खरंच.

अण्णा काय घेतात?

रानजाई | मंगळवार, रात्री ९:२०

ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आत्ता आईला फोन केला. फ्लुकोनाझोल आणून ठेवलंय, उद्या सकाळपासून सुरू होणार होतं. पाकीट फडताळात ठेव म्हटलं. माहेरवाशीण, तुमचे कसे आभार मानू.

बशीतली_वसाहत | मंगळवार, रात्री ९:५५

अगदी योग्य वेळी आलात, माहेरवाशीण. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या ह्यांचीही फ्लुकोनाझोलशी अशीच गाठ पडते. ते लागणार असेल तर घ्यायचंच, पण फिजिशियनने शुगरच्या गोळ्या बदलून आणि घरी साखर जास्त वेळा तपासून.

आणखी एक. जात कळल्याशिवाय फ्लुकोनाझोल देणं म्हणजे अंधारात दगड. कॅन्डिडा क्रुसाय ह्या औषधाला जात्याच दाद देत नाही, ग्लॅब्राटाचाही भरवसा कमी. 'कॅन्डिडा स्पीशीज' एवढंच लिहिलं म्हणजे आडनाव सांगितलं, नाव नाही.

विषाणू_नव्हे | बुधवार, सकाळी ११:१८

थोडा विरोध नोंदवतो. २०१६ मध्ये अमेरिकेत १०० मधुमेही पायाच्या जखमांचा अभ्यास झाला. नेहमीच्या कल्चरमध्ये बुरशी ५ टक्क्यांत दिसली, डीएनए वाचल्यावर ८० टक्क्यांत. आणि जिथे बुरशी होती तिथे जखम भरायला उशीर लागण्याशी संबंध दिसला. म्हणजे आपण वर्षानुवर्षं बुरशी बघतच नव्हतो. "वरवरची घाण" म्हणून झटकणं कितपत बरोबर?

बशीतली_वसाहत | बुधवार, दुपारी २:०२

चांगला मुद्दा, आणि अभ्यासही मला आवडतो. पण त्यात सर्वांत जास्त सापडलेली बुरशी कोणती? क्लॅडोस्पोरियम, जी हवेत तरंगत असते, भिंतीच्या ओलीवर बसते. सुमारे ४० टक्के जखमांत तीच. कॅन्डिडा अल्बिकन्स त्याच्या निम्म्याने. डीएनए मेलेल्या पेशीचाही वाचला जातो. उशिरा भरणारी जखम जास्त दिवस उघडी राहते, म्हणून बुरशी बसली, की बुरशी बसली म्हणून उशीर झाला, हे कोंबडी-अंड्याचं प्रकरण आहे. दोन्ही थोडं थोडं खरं असावं असं माझं मत; कॅन्डिडा आणि बॅक्टेरिया मिळून बायोफिल्मचा चिकट थर करतात हे तर माहीत आहेच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोचीच्या अमृता संस्थेत ५१८ मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांतून, स्वॅब नव्हे, खोलवरचे तुकडे घेतले. २०१० मध्ये छापून आलं. १४१ जणांत बुरशी, म्हणजे चारांत एकाहून जास्त. बहुतेकांत सोबत बॅक्टेरियाही. आणि पुढे होत्या पॅराप्सिलोसिस आणि ट्रॉपिकॅलिस, अल्बिकन्स मागे. म्हणून "जर्म ट्यूब निगेटिव्ह" वाचून कुणी काळजी मिटली समजू नये.

जर्म ट्यूब म्हणजे काय ते सांगते, मला ही चाचणी फार लाडकी. यीस्टचा कण सीरमच्या थेंबांत टाकून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवायचा. अल्बिकन्स असली तर मटकीला मोड यावा तशी सरळ नळी फुटते, मुळाशी आवळलेली नसते. बाकीच्या बहुतेकांना अशी फुटत नाही. काचेवर ते मोड पहिल्यांदा दिसले तेव्हा मी शेजारणीला हाक मारून बोलावलं होतं, आता वीस वर्षं झाली तरी एक नजर जास्तच जाते.

तिच्या आधी केओएच. तुकड्याचा बारीक चुरा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की कातडीचा, पेशींचा पसारा विरघळतो आणि बुरशी तशीच राहते. तासाभरात उत्तर. गोल-अंडाकृती कण, अंगाला कोंब. बॅक्टेरियाच्या चार-पाचपट मोठे. नुसते कण विरळ दिसले तर मी गप्प बसते. कणांना कण चिकटून लांब माळ झालेली दिसली, म्हणजे खोटे धागे, तर ती कॅन्डिडा तिथे नुसती बसलेली नाही, कामाला लागलेली असण्याची शक्यता वाढते. मग एसडीए ह्या बुरशी वाढवायच्या जेलीच्या बशीवर दोन-तीन दिवसांत मलईसारख्या पांढऱ्या वसाहती, रंगीत क्रोमअगारवर अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय गुलाबी. मोठ्या लॅबमध्ये माल्डी यंत्र नाव मिनिटांत सांगतं.

तरीही शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचा. पीएएस ह्या बुरशी उठून दाखवणाऱ्या रंगाने रंगवून पाहिलेल्या तुकड्यात बुरशीचे धागे जिवंत मांसात शिरलेले दिसले तर वाद संपतो. नुसते वरच्या मेलेल्या थरात दिसले तर तुमचे शहरातले सर्जनसाहेब बरोबर.

विषाणू_नव्हे | बुधवार, दुपारी २:३०

मान्य. क्लॅडोस्पोरियमचं लक्षात नव्हतं.

रानजाई | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ८:१०

उशिरा लिहितेय, धावपळ होती.

तिसऱ्या, मधुमेही पाय बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ताप नाही, पाय स्थिर, म्हणून त्यांनी अँटिबायोटिक चार दिवस थांबवलं आणि मग जखम साफ करून तुकडा घेतला. मी दारातच उभी होते, हातात दोन बाटल्या, पट्टीवर स्वतः लिहिलेलं: एकीवर सलाइन, एकीवर फॉर्मॅलिन. सिस्टर हसल्या, पण तुकडे बरोबर पडले.

केओएच त्याच संध्याकाळी: कोंब आलेली यीस्ट आणि खोटे धागे, भरपूर. कल्चरमध्ये कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस आणि तिच्यासोबत स्टॅफिलोकोकस ऑरियस, जो आधीच्या स्वॅबमध्ये अजिबात नव्हता. पीएएसमध्ये धागे खोल मांसात शिरलेले. म्हणजे गावचे डॉक्टर बरोबर निघाले, पण त्या स्वॅबवरून नव्हे. आणि स्वॅबवर विश्वास ठेवू नका म्हणणारे सर्जनही त्या स्वॅबपुरते बरोबरच.

सळई हाडाला लागली नाही. पण @घाटमाथा, तुमचा मुद्दा खरा ठरला. डॉपलरमध्ये गुडघ्याखालच्या एका नसेत रक्त बरंच कमी आहे, सोमवारी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे आहे. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.८. ग्लिमेपिराइड बंद करून सध्या इन्सुलिन, मग फ्लुकोनाझोल सुरू, ही जात त्याला दाद देते असं रिपोर्टमध्ये आहे. स्टॅफसाठी वेगळं औषध. पायाखाली जाड फेल्टचा चपटा तुकडा, करंगळीकडे भोक पाडलेला, आणि चालणं बंद.

चालणं बंद, हे अण्णांना सोडून सगळ्यांना पटलंय. कापणी तोंडावर आहे. काल म्हणाले, "गमबूट घालतो की, आता चिखल कुठे आहे?"

पांढरी_चप्पल | शुक्रवार, रात्री ८:३५

गमबुटात घाम येतो. दिवसभर बेचकं ओलं. खुर्ची टाकून बांधावर बसवा, पाय स्टुलावर. तिथून ओरडू देत सगळ्यांवर.

रानजाई | शुक्रवार, रात्री ८:४१

तेच ठरलंय. खुर्ची आईने आजच धुऊन ठेवली. @बशीतली_वसाहत, एसडीएची बशी अजून ठेवलीय म्हणाले लॅबवाले, नाव तर कळलं, मग आता कशासाठी?

बशीतली_वसाहत | शुक्रवार, रात्री ९:२०

यीस्ट लवकर येते, धाग्यांच्या बुरश्या सावकाश. एखादी मागे राहिली असेल तर चार आठवड्यांत दिसेल. वाट बघा, पण त्यासाठी औषध अडवू नका. बशी फेकायच्या आधी रिपोर्टवर शेवटचा शेरा येईल, तो फाइलला लावून ठेवा.